गुडघा बदलायचा ठरलाय? तारखेच्या आधी घर तयार करा

आपल्याकडे ‘गुडघ्याचं सांधारोपण झालं’ असं कुणी म्हणत नाही. ‘वाटी बदलली’ म्हणतात. प्रत्यक्षात पुढची वाटी बहुतेक वेळा आपल्या जागीच राहते, फार तर तिच्या मागच्या बाजूला प्लास्टिकचा तुकडा बसवतात. बदलतात ते मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक, आणि तेही अख्खं नाही. झिजलेला थर काही मिलिमीटर कापून त्यावर धातूची टोपी चढवतात, दाताला कॅप बसवतात तशी. दोन टोप्यांच्या मध्ये पॉलिएथिलिनची, म्हणजे कणखर प्लास्टिकची गादी येते. बाजूचे अस्थिबंध (लिगामेंट) आणि मांडीचे स्नायू आपलेच राहतात.

हे आधी सांगितलं, कारण सगळं पुढचं यावरून ठरतं. सर्जन दीड-दोन तासांत सांधा नवा करून देतो. तो चालवायचा आहे जुन्याच स्नायूंनी, आणि ते स्नायू वर्षानुवर्षं लंगडून सुकलेले असतात. त्यांना कामाला लावणं हे घरी होतं, सहा ते बारा आठवड्यांत. आईचा उजवा गुडघा केला तेव्हा मला हे माहीत नव्हतं. माझं सगळं लक्ष चांगला डॉक्टर शोधण्यात आणि पैशांची जमवाजमव करण्यात गेलं. चौदा महिन्यांनी डावा केला तेव्हा तारीख घेण्याआधी आम्ही घर लावलं. दोन्ही वेळचा फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून हे लिहिते आहे.

ऑपरेशन लागणार आहे, हे कोण ठरवणार?

एक्स-रे नाही. एक्स-रेवर सांध्याची झीज शून्य ते चार अशा श्रेणीत मोजतात, आणि चौथी श्रेणी म्हणजे हाडाला हाड घासतंय. पण चौथ्या श्रेणीचा गुडघा घेऊन रोज बाजारात जाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत आणि तिसऱ्या श्रेणीत रात्रभर जागणारेही. प्रश्न असे विचारा: रात्री दुखण्याने झोपमोड होते का? अर्धा किलोमीटरही चालवत नाही का? जिन्यासाठी, देवळासाठी, नातवाच्या मुंजीसाठी ‘नको, मी घरीच थांबते’ असं म्हणणं सुरू झालंय का? गोळ्यांनीही भागत नाही का? उत्तरं ‘हो’कडे झुकली, एक्स-रेही तेच सांगत असला, की मग वेळ आली. एक्स-रे मात्र उभं राहून काढलेला हवा. झोपून काढलेल्यात सांध्यातली फट खोटी दिसते.

त्याआधी साध्या उपायांना तीन-चार महिने मनापासून द्या. वजन एक किलो कमी झालं की चालताना गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरतो. मांडीच्या पुढच्या स्नायूचा रोज व्यायाम करा. काठी घ्या, पण दुखऱ्या पायाच्या उलट हातात. आपल्याकडे बरेच जण ती चुकीच्या हातात धरतात. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर काही आठवडे बरं वाटतं, मात्र त्यानंतर निदान तीन महिने सांधा बदलू नये, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून ऑपरेशन ठरवून बसला असाल तर मधल्या काळात कुणी सुई सुचवली तरी घेऊ नका. दुर्बिणीतून सांधा ‘धुऊन’ घेण्याने झिजेच्या संधिवाताला उपयोग होत नाही, त्यात पैसे घालू नका.

गुडघ्याची एकच बाजू झिजली असेल, विशेषतः वय कमी असेल, तर नडगीचं हाड सरळ करण्याची किंवा अर्धाच सांधा बदलण्याची शस्त्रक्रियाही असते. हा प्रश्न आवर्जून विचारा, कारण सगळेच डॉक्टर तो पर्याय स्वतःहून काढत नाहीत.

आणि एक गोष्ट रुग्णाला आधी, स्पष्ट सांगा: पाचांतल्या सुमारे एका रुग्णाचं ऑपरेशननंतरही पूर्ण समाधान होत नाही. दुखणं कमी होतं, पण गुडघा ‘स्वतःचा’ वाटत नाही. मांडी घालून जेवायला बसणं, उकिडवं बसून भांडी घासणं हे बहुतेकांना पुन्हा जमत नाही किंवा करू नये असं सांगितलं जातं. आईला हे आधी सांगितलं नव्हतं. तीन महिन्यांनी ती देवघरासमोर उभी राहून म्हणाली, ‘म्हणजे आता पाटावर बसायचं नाहीच का?’ तिला दुखण्यापेक्षा तेच जास्त लागलं होतं. डाव्याच्या आधी मी सुताराकडून देव्हारा भिंतीवर कंबरेच्या उंचीवर बसवून घेतला.

डॉक्टरांकडे काय विचारायचं

दुसरं मत घ्या. चांगला सर्जन त्याने दुखावत नाही. वर्षाला किती गुडघे करता, संसर्ग झाला तर पुढे काय करता, फिजिओ घरी येतो की आम्ही शोधायचा, हे विचारा.

दोन्ही गुडघे एकदम करायचे का, हा आपल्याकडे नेहमीचा प्रश्न. एकच भूल, एकच सुट्टी, खर्चही कमी. पण हृदय आणि फुप्फुसं ठणठणीत असली तरच. सत्तरीच्या पुढे, मधुमेह, हृदयविकार असेल तर एकेक करणं सुरक्षित. शिवाय एक पाय भरवशाचा असला की घरी उठबस सोपी जाते. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयींचेही गुडघे एकेक करूनच बदलले. डावा २००० साली मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी, उजवा पुढच्या वर्षी. आमच्या घरात ‘गुडघा बदलता येतो’ हे पहिल्यांदा कळलं ते त्या बातमीतून.

रोबोटबद्दल: रोबोट ऑपरेशन करत नाही, सर्जनच करतो. हाड कुठे, किती कापायचं याची अचूकता यंत्र वाढवतं. दहा-पंधरा वर्षांनी रुग्णाला त्याचा वेगळा फायदा होतो असं अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. हात बसलेला सर्जन आणि साधं तंत्र यांना नाही म्हणू नका. ‘सोनेरी’ सांध्याचंही तसंच. त्यावर सोन्यासारखा दिसणारा लेप असतो, सोनं नसतं. सर्वांत जास्त वर्षांचा अनुभव कोबाल्ट-क्रोमियमच्या साध्या सांध्यांचाच आहे, आणि मोठ्या नोंदवह्यांच्या अभ्यासात १०० पैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षांनंतरही टिकलेले आढळले आहेत.

पैसे

ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. त्या वेळी कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या सांध्याला ७६,६०० रुपये, वर जीएसटी. त्यानंतर या आदेशाला मुदतवाढ आणि थोडाफार बदल होत आला आहे, म्हणून ताजी मर्यादा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहा. ही किंमत फक्त सांध्याची, ऑपरेशनची नव्हे. खोली, भूल, सर्जनची फी, औषधं वेगळी. बिलात सांध्याची किंमत, ब्रँड, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळे लिहिलेले असले पाहिजेत. उजव्याच्या वेळी आमच्या बिलात ‘इम्प्लांट व इतर साहित्य’ अशी एकच गोळाबेरीज होती. मागून मागून आठ दिवसांनी तपशील मिळाला. डाव्याच्या वेळी मी भरती होतानाच काउंटरवर सांगून ठेवलं.

विमा असेल तर पॉलिसीत सांधारोपणाचा प्रतीक्षाकाळ बघा. बहुतेकांत तो दोन-तीन वर्षांचा असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान कार्डावर तुमच्या रुग्णालयात हे ऑपरेशन बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधी विचारा, नंतर नाही.

घर

या भागावर एक अख्खा रविवार द्या. वॉकर आणा आणि तो घेऊन स्वतः घरभर फिरा. रुग्णाने नाही, तुम्ही. कुठे अडतो ते लगेच कळतं. आमच्याकडे न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडला. दोन इंचांचा उंबरा, चाळीस वर्षांत कुणाच्या लक्षात आला नव्हता. गवंड्याकडून सिमेंटचा उतार करून घेतला, अर्ध्या दिवसाचं काम.

शौचालय भारतीय पद्धतीचं असेल तर कमोड बसवा, किंवा कमोडची खुर्ची आणा. भाड्यानेही मिळते. भिंतीला पकडायला दांडा लावा, टॉवेलचा रॉड नाही, त्यावर भार दिला तर तो निघून येतो. पायपुसणी, सतरंजी, पंख्याची लोंबती वायर उचलून ठेवा. आजी-आजोबांच्या अंथरुणाचा प्रश्न सर्वांत आधी सोडवा: जमिनीवरची गादी चालणार नाही. पलंगाच्या कडेला बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे कंबरेच्या किंचित खाली राहिले पाहिजेत. खुर्चीला हात हवेत, प्लास्टिकची हलकी खुर्ची नको, ती सरकते. उशाशी पाणी, चष्मा, फोन, घंटी. रात्री न्हाणीघरापर्यंत मंद दिवा.

तारीख मोसम बघून ठरवू नका. ‘थंडीत केलं की जखम लवकर भरते’ असं सगळे म्हणतात. आधुनिक ऑपरेशन थिएटरला उन्हाळा-पावसाळा सारखाच. पाहायचं ते इतकंच की पहिले तीन आठवडे घरात चोवीस तास एक धडधाकट माणूस असेल का. बारावीची परीक्षा, गणपती, शेतीची सुगी यांच्या तोंडावर तारीख घेतली की रुग्ण एकटा पडतो आणि व्यायाम बुडतात.

आधीचे पंधरा दिवस

साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, साडेसात-आठच्या वर असेल तर बरेच सर्जन तारीख पुढे ढकलतात, आणि ते बरोबरच करतात. साखर वाढलेली असली की जखम चिघळते. किडके दात, लघवीचा संसर्ग, पायावरची चिरलेली टाच, नखातली बुरशी हे सगळं आधी बरं करून घ्या, कारण शरीरात कुठेही असलेला जंतू नव्या धातूवर जाऊन बसू शकतो. तंबाखू-बिडी निदान महिनाभर आधी बंद.

सगळ्या गोळ्यांची यादी भूलतज्ज्ञाला दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि साखरेच्या डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन प्रकारच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, पण किती दिवस ते डॉक्टरच सांगतील. वैद्यांचा काढा, शेजारणीने दिलेली पुडी, हेही सांगा. आमवाताच्या रुग्णांना मेथोट्रेक्सेट सहसा चालू ठेवायला सांगतात, बायोलॉजिक इंजेक्शनची वेळ मात्र पुढे-मागे करावी लागते.

पायावरचे केस घरी रेझरने काढू नका, बारीक ओरखड्यांतून संसर्ग होतो. जोडवी आणि बांगड्या आठवडाभर आधी साबण लावून काढून ठेवा. आईची जोडवी ऐन सकाळी निघेनात, शेवटी कापावी लागली. लग्नातली होती. ती फार रडली, आणि त्या रडण्याने तिचा रक्तदाब वाढून ऑपरेशन दोन तास लांबलं.

आणि व्यायाम आत्ताच शिका. दुखऱ्या, सुजलेल्या पायाने नवा व्यायाम शिकणं फार अवघड.

रुग्णालयात

कंबरेत भूल देतात, बहुतेक वेळा. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी वॉकर देऊन उभं करतात. नातेवाईक घाबरतात, ‘आत्ताच कसं?’ म्हणतात. उभं राहू द्या. पडून राहण्याने पोटरीच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका असतो. पहिल्यापेक्षा दुसरी रात्र जास्त दुखते, कारण भुलीचा आणि नस बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा असर उतरलेला असतो. हे आधी माहीत असेल तर ‘काहीतरी बिघडलं’ असं वाटत नाही. दुखणं सोसत बसू नका, दुखायला लागण्याच्या आधी गोळी हा नियम. घरी जाताना सांध्याचा ब्रँड आणि बॅच क्रमांक असलेल्या स्टिकरचा कागद फाइलमध्ये लावला आहे ना, ते बघा.

घरचे सहा आठवडे

उजव्याच्या वेळी मावशीने प्रेमाने गुडघ्याखाली उशी ठेवली. आईला बरं वाटायचं. कुणीच हरकत घेतली नाही. तीन आठवड्यांनी फिजिओने मोजलं तर पाय सरळ होतच नव्हता, दहा अंश वाकलेला राहिला होता. तो सरळ करायला दोन महिने लागले आणि त्या दोन महिन्यांत आई जितकी रडली तितकी ऑपरेशनलाही रडली नव्हती. उशी गुडघ्याखाली कधीही नको. टॉवेलची गुंडाळी करून ती टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहील आणि स्वतःच्या वजनाने सरळ होईल. सुरुवातीला पाच मिनिटंही जड जातात. आई जपमाळ घेऊन बसायची, एक माळ संपली की टाच खाली.

दिवसातून तीन-चार वेळा हे करायचं: घोटा वर-खाली हलवणं, गुडघा पलंगावर दाबून मांडी घट्ट करणं, पाच आकडे मोजून सोडणं, पाय सरळ ठेवून वीतभर उचलणं, टाच गादीवरून नितंबाकडे ओढणं. दोन आठवड्यांपर्यंत गुडघा नव्वद अंशांत, म्हणजे काटकोनात वाकायला हवा. पुढे ११०-१२० पर्यंत. मोजायला यंत्र नको. आई खुर्चीवर बसून पाय मागे सरकवायची, आणि अंगठा जिथे पोचला तिथे मी फरशीवर खडूने रेघ मारायचे. दर रविवारी एक रेघ. सहाव्या रविवारी रेघा खुर्चीच्या पायांच्या मागे गेल्या होत्या. तिने पुसू दिल्या नाहीत.

व्यायामाच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी, नंतर पंधरा-वीस मिनिटं बर्फ, नॅपकिनमध्ये गुंडाळून. गरम शेक नको, तेल लावून चोळणं तर अजिबात नको. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

जेवणाबद्दल घराघरांत वाद होतात. आंबट नको, भात नको, वांगं नको. जखम भरायला प्रथिनं लागतात: डाळ, उसळ, दूध, दही, अंडी, मासे, जे चालत असेल ते. दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट घट्ट होतं, म्हणून पाणी, पालेभाजी, ईसबगोल. भेटायला येणाऱ्यांना पहिले पंधरा दिवस फोनवरच थांबवा. नारळ घेऊन आलेल्या पाच माणसांसमोर रुग्ण व्यायाम करत नाही, आणि त्यातल्या एकाला सर्दी असतेच.

टाके साधारण बाराव्या ते चौदाव्या दिवशी निघतात. मन मात्र तिसऱ्या आठवड्यात खचतं. सूज आहे, झोप नाही, आणि शेजारच्या काकू म्हणतात, ‘आमच्या वहिनी तर महिन्यात चालायला लागल्या.’ त्या वेळी घरातल्यांनी धीर द्यायचा, तुलना करायची नाही. सूज आणि ऊब तीन ते सहा महिने राहू शकते, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो, आतून ‘टक्’ असा आवाज येतो. ते सगळं चालतं.

हे चालत नाही

जखमेतून पाणी किंवा पू येणं, वाढत जाणारी लाली, १०१ च्या वर ताप, पोटरी घट्ट होऊन दुखणं, यात सर्जनला त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयात. जखम ओली दिसली म्हणून गल्लीतल्या दवाखान्यातून प्रतिजैविकं सुरू करू नका. त्याने आतला जंतू दबतो पण मरत नाही, आणि सांध्यातलं पाणी तपासलं तरी सापडत नाही. आधी सर्जन.

पुढे

दुचाकी निदान सहा आठवडे नको, आणि नंतरही सिग्नलला पाय टेकवण्याइतका भरवसा आल्यावरच. एसटीची पायरी उंच असते, हाताला धरून चढवा. विमानतळावर धातुशोधक वाजतो, तेव्हा नुसतं सांगायचं, घाबरायचं नाही. पुढे कधीही दात काढायचा असेल किंवा पायाला मोठं गळू झालं तर त्या डॉक्टरला ‘सांधा बसवलेला आहे’ हे आधी सांगा.

वर्षाला, निदान दोन वर्षांतून एकदा एक्स-रे काढून सर्जनला दाखवा, काही दुखत नसलं तरी. प्लास्टिकची गादी झिजते किंवा धातूची पकड सैल होते ती सुरुवातीला दुखत नाही, आणि लवकर कळलं तर पुष्कळदा कमी ऑपरेशनवर भागतं. आईचा एक्स-रे आम्ही दर वर्षी दिवाळी झाली की काढतो. डाव्या गुडघ्याची तारीख तिने स्वतः फोन करून घेतली होती. त्याआधी तिने मला एकच विचारलं, न्हाणीघरातला दांडा डाव्या बाजूनेही लावून घेतलास का.